खिळ्यावर राहिलेले बिल्ले

तेवीस वर्षं मी दिवे दिले, दिवे परत घेतले.
माणूस आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा,
दिवा घेऊन पिंजऱ्यात शिरायचा.
वर आला की दिवा माझ्याकडे, बिल्ला त्याच्या खिशात.
पाळी सुटली की फळ्याकडे बघायचं.
बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून खाली आहे.
मग कुणी घरी जायचं नाही.

यंदा मार्चात बुखारेस्टहून मंडळी आली,
झिऊच्या खोऱ्यात कोळशानंतर काय, ते ठरवायला.
सभागृह तेच, जिथे आमची लग्नं नाचली
आणि शवपेट्याही रांगेनं थांबल्या.
छत गळतं, म्हणून मधोमध बादली.
रंगीत चिठ्ठ्या वाटल्या:
पिवळीवर स्वप्न लिहा, गुलाबीवर भीती.
एटेल्कानं विचारलं,
दोन्ही एकच असेल तर कुठला रंग घेऊ?

पडद्यावर नकाशा. खाण राखाडी, नदी निळी,
डोंगराच्या उतारावर हिरवा चौकोन:
सौर पॅनेल, चाळीस हेक्टर.
'पडीक जमीन,' तरुण म्हणाला.
चांगला पोरगा होता. घसा बसला होता त्याचा.

सावेता उठली. ती मोमर्लान,
कोळशाच्या आधीपासून इथे गवत कापणाऱ्यांतली.
ते आपली माणसं दूर नेत नाहीत,
घरामागे, झाडांत पुरतात.
'तिथे आई आहे,' ती म्हणाली.
'आलुबुखाराखाली. डावीकडे बाप.
उजवीकडची जागा माझी.'
लेसरचा लाल ठिपका चौकोनात भिरभिरला.
'इथे? की इथे?'
'भिंतीवर मला नाही कळत, बाळा. चल, चालत दाखवते.'

खाण आली तेव्हा यांना कुणी विचारलं नव्हतं.
माझा बाप मोल्दोवाहून आला,
एक गादी, एक डबा आणि सरकारी चिठ्ठी घेऊन.
त्यांच्या कुरणावर बांधलेल्या इमारतीत
चौथ्या मजल्यावर मी जन्मले.
पन्नाशी उलटली,
आणि हे माझ्या मनात आलं त्या बादलीशेजारी बसून.

मग सवयीनं मी डोकी मोजली.
एकतीस.
घड्याळात सव्वादहा.
सव्वादहाला पहिली पाळी चारशे मीटर खाली असते.
ज्यांच्या उद्याचं चाललं होतं
ते त्या क्षणी पायाखाली कोळसा फोडत होते,
आणि वर आम्ही गुलाबी चिठ्ठ्या चिकटवत होतो.

मी काही बोलणारी बाई नाही.
उठले आणि म्हणाले,
'एकशे बारा बिल्ले लटकतायत.
ते वर येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही.'

ड्रायव्हर घड्याळ बघू लागला.
मोठ्या बाईंनी फाइल उघडली, मिटली.
पोरानं मात्र प्रोजेक्टर बंद केला
आणि शहरी बुटांनिशी सावेतामागे डोंगर चढला.
उतरला तो गुडघ्यापर्यंत चिखलात,
खिशात तिनं कोंबलेलं चीज.

तीनला माणसं आली, केस ओले,
डोळ्यांच्या कडांना काजळासारखा कोळसा.
याकोब म्हणाला, मला पवनचक्की नको, मला पगार सांग.
दुसरा म्हणाला, आधी माझ्या फुफ्फुसाचं बोला.
कुणी स्पेनमधल्या मुलाला फोन लावला, टेबलावर उभा केला,
तो म्हणाला, मी परत येईन असं धरून आखू नका.
बराच वेळ भांडण. शिव्याही.
नकाशा भिंतीवरून जमिनीवर आला.
लाल ठिपका खिशात गेला, पेन्सिल फिरू लागली,
आणि हिरवा चौकोन एका बाजूनं वाकडा झाला,
एक झाड बाहेर ठेवण्यापुरता.

ठरलं एवढंच: पुढची बैठक रविवारी,
चर्च सुटल्यावर.
बादली भरली होती. मी ओतून आले.

दिवाखोलीतल्या माझ्या खणात दोन बिल्ले आहेत,
न्यायला कुणी वर आलंच नाही.
रविवारी ते बरोबर नेईन.
बोलणार नाहीत काही.
मोजताना धरायचे.